विहिरीतला आंधळा मासा आणि आपल्या घरातला रातांधळेपणा

गेल्या महिन्यात दुपारची गर्दी ओसरत आली असताना एक जुन्या ओळखीच्या बाई दवाखान्यात आल्या. वय साठीच्या जवळ. तब्येतीची काही तक्रार नव्हती. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्राचे घडी घातलेले जुने कात्रण काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. मुंबईत जोगेश्वरीला एका विहिरीत डोळे नसलेला मासा सापडला, अशी ती बातमी होती.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू? पिढ्यान् पिढ्या अंधारात राहून या माशाचे डोळे गेले म्हणतात. आम्ही काळेवाडीला राहायचो ती खोली तुम्ही पाहिली होती. एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीला टेकलेली. लाइट तर निम्मा वेळ नसायची. माझ्या पोराचे डोळे त्या अंधारानंच गेले का हो?"

उत्तर एका शब्दाचे होते. नाही. पण इतकी वर्षे मनात ठेवलेल्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरत नाही. शिवाय या मुलाच्या बाबतीत एक चूक माझ्याही नावावर आहे. म्हणून आज जरा वेगळ्या वाटेने, त्या माशापासूनच सुरुवात करून हा विषय समजावून घेऊ. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाईंच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.)

१९९८ सालची गोष्ट

रहाटणीत मी नुकताच दवाखाना टाकला होता. तेव्हा इथे शेते होती, विहिरी होत्या. गावाच्या नावातच रहाट. या बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. दिवसा मुलगा अगदी चांगला. पण दिवेलागण झाली की ठेचकाळायचा, ताटातली भाजी चाचपडायचा, लाइट गेली की आईचा पदर सोडायचा नाही.

रातांधळेपणा म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता, हे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसलेले. मी 'अ' जीवनसत्त्वाचे डोस दिले. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, अंडी खायला घाला म्हणून सांगितले. महिना गेला, दोन गेले, फरक पडेना. सहा महिन्यांनी मी त्या माउलीलाच म्हणालो, "ताई, तुम्ही त्याला नीट खाऊ घालत नाही." घरी सासूबाई म्हणत होत्या, "पोटुशी असताना ग्रहणात बाहेर गेली होती." दोन्ही आरोप खोटे होते. त्यातला एक माझा होता.

शेवटी मुलाला पुण्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा तपासला. पडद्याच्या कडेला काजळाचे फराटे ओढावेत तसे काळे डाग होते. रोगाचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोझा. हा जन्मतः रक्तातून आलेला, हळूहळू वाढणारा पडद्याचा आजार आहे. आधी रात्रीचे दिसणे कमी होते, मग बाजूचे दिसणे जाते, नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे उरते. आज तो मुलगा पस्तिशीच्या आसपास आहे. दिवसा समोरचा माणूस ओळखतो, पण वर्तमानपत्र वाचू शकत नाही.

हे मासे कोण?

जमिनीच्या पोटात, खडकांच्या भेगांत, गुहांत जिथे सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही, अशा पाण्यात राहणारे मासे जगात अनेक देशांत आहेत. बहुतेकांना डोळे नसतात किंवा नावापुरते असतात. अंगाला रंग नसतो, म्हणून आतल्या रक्तामुळे ते गुलाबी-लालसर दिसतात.

जोगेश्वरीचा मासा वामीसारखा लांबट, सापाच्या आकाराचा आहे. तो सापडला ती विहीर अंधशाळेच्या आवारातली, हा एक योगायोगच. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे, अनिल मोहपात्रा आणि अन्नम पवन कुमार या चौघांनी २०२१ साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबादेवीवरून त्याला 'रक्तमिक्थिस मुंबा' असे नाव दिले.

केरळात तर जांभ्या दगडातल्या पाण्यात असे मासे बरेच आहेत. विहीर उपसताना, पंपातून, कधी घरातल्या नळातूनही ते बाहेर येतात. 'होराग्लॅनिस' नावाचा, बोटाच्या दोन पेरांएवढा आंधळा मासा १९५० सालापासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या गुहांत महसीर कुळातला एक गुहावासी मासा आढळला. तो फूटभरापेक्षाही लांब वाढतो. जगातल्या गुहावासी माशांत एवढा मोठा दुसरा माहीत नाही. केरळ आणि मेघालय या दोन्ही ठिकाणच्या अभ्यासात, पुण्यात आयसर संस्थेत अनेक वर्षे काम केलेले नीलेश डहाणूकर यांचा सहभाग आहे.

आता मुख्य प्रश्न. यांचे डोळे गेले कसे?

अंधार डोळे नेत नाही

'वापरले नाही म्हणून गेले' हे उत्तर चटकन पटते. हात प्लॅस्टरमध्ये महिनाभर ठेवला की बारीक होतो, तसेच हे, असे वाटते. फ्रान्सच्या लामार्कने असा विचार मांडला होता. खुद्द डार्विननेही १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात गुहेतल्या प्राण्यांचे डोळे जाण्याचे कारण 'न वापरणे' हेच दिले होते.

पण विचार करा. आपल्याकडे किती पिढ्या झाल्या, बाळाचे कान टोचतात. आजवर एक तरी मूल टोचलेल्या कानांनिशी जन्माला आले का? बापाचा हात यंत्रात सापडून तुटला तर पोराचा हात तुटका नसतो. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला नको. आयुष्यात शरीराला जे होते ते पुढच्या पिढीत उतरत नाही. पुढे उतरतात ती जनुके, म्हणजे जीन.

मग माशांचे काय झाले? ते समजायला आपण पोथीचे उदाहरण घेऊ.

पोथीच्या नकला

छापखाने नव्हते तेव्हा ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरवताना चुका होत. एखादे अक्षर सुटे, एखादी ओळ गळे. त्या पोथीवरून पुढची पोथी, तीत जुन्या चुका तशाच आणि वर नव्या दोन. तीनशे वर्षांत इतके पाठभेद झाले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथ महाराजांना पोथ्या ताडून पाहून शुद्ध प्रत तयार करावी लागली.

आपल्या शरीराचीही एक पोथी असते. तिला डीएनए म्हणतात. चारच अक्षरांत लिहिलेली ही पोथी प्रत्येक पेशीत असते. मूल होताना आई एक नक्कल देते, वडील एक नक्कल देतात. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात. नक्कल करताना थोड्या चुका प्रत्येकाच्या बाबतीत होतात. तुमच्या, माझ्या, माशाच्याही. अंधारामुळे त्या जास्त होत नाहीत आणि उजेडामुळे कमीही होत नाहीत.

फरक पडतो तो पुढे. नदीत उजेडात राहणाऱ्या माशाच्या डोळ्याच्या जनुकात मोठी चूक झाली, तर त्याला भक्ष्य दिसत नाही, शत्रू दिसत नाही. तो लवकर मरतो. त्याची चुकीची पोथी त्याच्याबरोबरच संपते. गुहेत मात्र डोळस मासाही काही पाहू शकत नाही. तिथे डोळ्याच्या जनुकात चूक झालेला मासा इतरांइतकाच जगतो, त्याला पिल्ले होतात, चूक पुढे जाते. जी ओवी कोणी वाचतच नाही, तिच्यातली चूक पकडणार कोण?

याच्या जोडीला आणखी एक कारण आहे. डोळा आणि त्यासाठी लागणारा मेंदूचा भाग हा खर्चिक अवयव आहे. मेक्सिकोतल्या गुहांमधील माशांच्या जातीवर २०१५ साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की लहान डोळस माशाची विश्रांतीच्या वेळची सुमारे १५ टक्के शक्ती केवळ दृष्टीवर जाते. गुहेत खायला कमी. तिथे ज्याचा हा खर्च वाचला तो उलट फायद्यात राहिला.

म्हणजे अंधाराने चूक केली नाही, चूक झाकून ठेवली. हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढे तो आपल्या घरापर्यंत येणार आहे.

चुकांवरून वंशावळ

महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक वर्षे खपून १९६६ साली पूर्ण केली. देशभरातल्या हस्तलिखितांत कोणते पाठभेद कुठे सारखे आहेत, हे तिथल्या पंडितांनी ताडून पाहिले. दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच विचित्र चूक असेल, तर त्या बहुधा एकाच मूळ पोथीवरून उतरल्या. चुका वेगळ्या असतील, तर वाटा वेगळ्या.

शास्त्रज्ञ माशांच्या बाबतीत नेमके हेच करतात. माशाच्या अंगाचा इवलासा तुकडा घेऊन त्यातला डीएनए वाचतात आणि निरनिराळ्या माशांच्या चुका शेजारी मांडून पाहतात. चुका सारख्या किती, वेगळ्या किती, यावरून कोण कोणाचा भाऊबंद आणि कोण केव्हा वेगळा झाला याची वंशावळ बांधता येते.

यातून काही नवलाच्या गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या गुहांतल्या माशांच्या एका कुळातले आंधळे मासे सगळे एका आंधळ्या पूर्वजाचे वंशज असतील, असे वाटणे साहजिक होते. २०१३ साली त्यांचे रोडॉप्सिन नावाचे जनुक तपासले. हे जनुक अंधुक उजेडात दिसण्यासाठी लागते. ते निरनिराळ्या माशांत मोडलेले सापडले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी मोडलेले. म्हणजे गेल्या सुमारे एक कोटी वर्षांत किमान तीन शाखांनी हे जनुक स्वतंत्रपणे गमावले होते.

दुसरी गोष्ट मेक्सिकोतली. तिथे एकाच जातीचे मासे नदीत डोळस आहेत आणि तीसएक गुहांत आंधळे. काही गुहांतल्या माशांना अंगाचा काळा रंगही नाही. २००६ साली दोन लांबलांबच्या गुहांतले पांढरे मासे तपासले. दोन्हींत जनुक तेच बिघडलेले होते, पण त्यातला गळलेला मजकूर निराळा होता. त्या जनुकाचे नाव 'ओसीए-२'. हेच जनुक माणसातही आहे आणि ते बिघडले की मूल अंगावर कोड नसताना जन्मतः पांढरेफटक, पांढऱ्या केसांचे होते. पोथी किती सारखी आहे पाहा.

तिसरी गोष्ट आपल्या केरळातली. होराग्लॅनिस माशांचा सहा वर्षे शोध घेण्यात आला. शास्त्रज्ञांना विहिरीचे मालक, पंपवाले, शाळेची मुले, घरातल्या बायका यांनी मासे आणून दिले, फोटो पाठवले. मासा मिळाल्याच्या ४७ नव्या जागा कळल्या. दिसायला हे मासे इतके सारखे की शेजारी ठेवले तर वेगळे करता येत नाहीत. डीएनए वाचल्यावर मात्र त्यांच्यात मोठे अंतर निघाले. एक तर निराळी जातच ठरली. २०२३ साली तिला 'होराग्लॅनिस पॉप्युली' हे नाव मिळाले, म्हणजे 'लोकांचा'. ज्या सामान्य माणसांनी मदत केली त्यांच्या सन्मानार्थ हे नाव.

दोन आंधळ्यांची डोळस पिल्ले

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. मेक्सिकोच्या एका गुहेतला आंधळा नर आणि दुसऱ्या, लांबच्या गुहेतली आंधळी मादी यांची जोडी लावली. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आई आंधळी, बाप आंधळा, मागच्या असंख्य पिढ्या आंधळ्या. पण काही पिल्ले डोळस निघाली! त्यांना खरोखर दिसत होते. आणि गुहा जितक्या एकमेकींपासून लांब, तितकी डोळस पिल्ले अधिक.

ही जादू नाही. डोळा तयार व्हायला अनेक जनुके लागतात. समजा, पहिल्या गुहेत पोथीचे पाचवे पान फाटले आणि दुसऱ्या गुहेत अकरावे. पिल्लाला दोन्हीकडून एकेक नक्कल मिळाली. आईकडून आलेल्या नकलेत पाचवे पान फाटके, पण बापाच्या नकलेत ते चांगले. बापाच्या नकलेत अकरावे फाटके, पण आईच्या नकलेत ते चांगले. दोन्ही मिळून पोथी पूर्ण वाचता आली.

हाच नियम उलटा लावून पाहा. एकाच गुहेतल्या दोन माशांची जोडी लावली तर? दोघांचेही पाचवेच पान फाटके. पिल्लाला चांगले पान मिळणार कुठून?

वाचकहो, इथे गुहेतून बाहेर येऊन आपल्या घरात येऊ.

नात्यातले लग्न

आपल्यापैकी प्रत्येकाच्या पोथीत काही पाने फाटकी असतात. लेखकाच्याही आहेत. दुसरी प्रत चांगली असल्याने आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. नवरा-बायको वेगवेगळ्या घराण्यातले असले, तर दोघांची नेमकी तीच पाने फाटलेली असण्याची शक्यता फार थोडी.

पण आपल्याकडे आत्याच्या मुलाला मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे. मामेबहीण-आतेभाऊ यांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्या पोथीचा साधारण आठवा भाग एकाच मूळ पोथीवरून उतरलेला असतो. आजोबांच्या पोथीत एक पान फाटके असेल, तर ते मुलाकडून नातीला आणि मुलीकडून नातवाला पोचू शकते. दोघेही डोळस, दोघेही निरोगी. त्यांच्या प्रत्येक मुलाला मात्र दोन्ही नकला फाटक्या मिळण्याची शक्यता चारात एक असते.

या बाईंच्या घरात तेच झाले होते. सासूबाई म्हणजे त्यांची सख्खी आत्या. फाटके पान एकाच घराण्यातून, भावाकडून आणि बहिणीकडून, असे दोन वाटांनी येऊन नातवाच्या डोळ्यांत भेटले. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. काळेवाडीच्या खोलीचाही नाही. सुनेला बोल लावणाऱ्या आत्याबाईंनी स्वतःही तितकेच दिले होते, पण त्यांनाही बोल लावता येत नाही. नकळत मिळालेली आणि नकळत दिलेली गोष्ट तिचा दोष कोणाचा?

एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. नात्यात लग्न झालेल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच असतात. कोणत्याही जोडप्याच्या मुलात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. चुलत-मामे-आते भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट, म्हणजे शंभरात चार ते सहा होते. झालेल्या लग्नाची भीती बाळगू नये. व्हायच्या लग्नाचा विचार मात्र करावा, आणि घराण्यात असा आजार असेल तर नक्कीच करावा.

रातांधळेपणा सगळा सारखा नसतो

केरळच्या माशांचा धडा आम्हा डॉक्टरांसाठी आहे. दिसायला सारखे ते आतून सारखे असेलच असे नाही. १९९८ साली मी तिथेच चुकलो.

रात्री दिसण्यासाठी पडद्यात जे रोडॉप्सिन लागते, ते दोन वस्तूंचे बनते. एक वस्तू 'अ' जीवनसत्त्वापासून येते. दुसरी वस्तू म्हणजे एक प्रथिन. ते कसे बनवायचे हे जनुकात लिहिलेले असते. जीवनसत्त्व कमी पडले तर डोस दिल्यावर मूल थोड्याच दिवसांत बरे होते. जनुकच फाटले असेल तर जीवनसत्त्व कितीही द्या, उपयोग नाही. चुलीत सरपण नसेल तर आणता येते. चूलच फुटली असेल तर सरपण घालून काय होणार?

अमेरिकेतल्या गुहांत माशांचे जे रोडॉप्सिन जनुक मोडलेले सापडले, त्याच जनुकातली चूक माणसात रेटिनायटिस पिगमेंटोझाचे एक कारण म्हणून १९९० साली सापडली होती. आता या आजाराची ऐंशीहून अधिक जनुके माहीत आहेत. म्हणून दोन घरांतला आजार दिसायला एकच असला तरी कारण निराळे असते. काही घरांत तो एकाच फाटक्या प्रतीने येतो आणि मग बाप-लेक दोघांनाही होतो. काही घरांत तो आईकडून फक्त मुलग्यांना होतो. नात्यातल्या लग्नाशी संबंध असतो तो दोन्ही प्रती फाटल्याने होणाऱ्या प्रकाराचा.

काय करावे?

१) मुलाला संध्याकाळी कमी दिसते असे वाटले तर घरच्या घरी औषध सुरू करू नका. डोळ्याच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याचा मोठा नंबर आणि इतर आजारांतही रात्री कमी दिसते.

२) नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मिळणारे 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मुलांना जरूर द्या. मात्र मनाने जास्तीचे डोस घेऊ नका. ते अपायकारक असतात, गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नयेत.

३) रेटिनायटिस पिगमेंटोझा असेल तरी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाणे सोडू नका. यात पुढे मोतीबिंदू होतो किंवा पडद्याला सूज येते. त्यांवर उपचार आहेत. रात्री गाडी चालवणे बंद करा. रात्रपाळी आणि यंत्राजवळचे काम टाळता येते का, हे कारखान्यात बोलून पाहा. दृष्टी ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर अपंगत्वाचा दाखला मिळतो. तो घेण्यात कमीपणा मानू नका.

४) 'खात्रीने डोळे येतील' असे सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. या आजारांपैकी 'आरपीई-६५' नावाच्या एका जनुकाच्या बिघाडावर चांगले जनुक डोळ्यात सोडण्याच्या उपचाराला २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अतिशय महाग आहे आणि बाकीच्या जनुकांच्या बिघाडावर चालत नाही. आपला बिघाड कोणता, हे रक्ताच्या जनुक चाचणीने बहुतेकदा कळते.

५) नात्यात लग्न ठरवताना दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती कागदावर लिहा. कोणाला जन्मतः बहिरेपण, अंधत्व, रातांधळेपणा, मतिमंदत्व होते का? लहानपणी एकामागून एक मुले दगावली का? असे असेल तर साखरपुड्याआधी आनुवंशिक सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. पुण्यात ही सोय आहे.

६) विहिरीत किंवा बोअरच्या पाण्यात फिकट, बिनडोळ्यांचा मासा कधी आढळलाच, तर मारून टाकू नका. फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. पिण्याच्या पाण्याची तपासणी मात्र नेहमीप्रमाणे करून घ्याच.

बाईंचा दुसरा प्रश्न

हे सगळे मी त्या दुपारी बाईंना सांगितले. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. त्यांच्या धाकट्या मुलाला त्यांच्या भावाची मुलगी करायचे घरात चालले होते. भावाने शब्द टाकला होता. नाही म्हटले तर माहेर तुटते.

मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. थोरल्याची जनुक चाचणी दोन वर्षांपूर्वी झाली होती, त्यामुळे फाटके पान कोणते हे माहीत होते. आजार दोन्ही प्रती फाटल्याने होणारा होता. धाकटा निरोगी आहे, पण त्याच्याकडे एक फाटकी प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. बाईंच्या भावाकडे ती असण्याची शक्यता दोनात एक, म्हणून भाचीकडे चारात एक. दोघांकडेही असली तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तिन्हींचा गुणाकार केला की चोवीसात एक. हाच मुलगा परक्या घरातली मुलगी करील तर ही शक्यता साधारणपणे हजारात एकापेक्षाही कमी.

"पण ताई," मी म्हणालो, "अंदाजावर नाही म्हणायची गरज नाही आणि अंदाजावर हो म्हणायचीही नाही. कोणते पान पाहायचे ते आता ठाऊक आहे. धाकट्याच्या आणि भाचीच्या रक्तात तेवढे एकच पाहता येते. दोघांपैकी एकाचे जरी ते पान दोन्हीकडून चांगले निघाले, तरी या आजाराची भीती जवळजवळ नाही."

"भावाला काय सांगू?"

"त्याच्या मुलीत खोट आहे असे सांगू नका. आपल्या वडिलांच्या पोथीतले एक पान पाहायचे आहे, असे सांगा. ते तुमचे जितके, तितकेच त्याचे."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई आता नाहीत. असत्या तर हे त्यांना ऐकवलं असतं." मीही त्यांची माफी मागितली. सहा महिने गाजर खायला घालूनही बोलणी खाल्ली होती त्यांनी, तीही माझी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुण्याला धाडलंत, ते तरी केलंत."

जाताना त्यांनी कात्रणाची घडी पुन्हा घातली. "हे त्याला वाचून दाखवते. त्यालाही वाटतं, त्या खोलीनंच झालं."

ज्या घरात मूल जन्मतः अधू आहे आणि अजूनही त्याच्या आईकडे बोट दाखवले जाते, त्या घरात आजचा हा लेख कोणीतरी मोठ्याने वाचावा, एवढीच विनंती.